तिनं नको म्हटलं होतं

९ मार्च

डॉक्टरीणबाईंस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पोचला तर घे.

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू माझ्याशी पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशी बोलतेस. मऊ, सावकाश, मध्ये मध्ये थांबून, समोरच्याला रडायला जागा ठेवून. मला ती जागा नको. कागदावर कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर तुझ्या इस्पितळाखालच्या केमिस्टला दाखव. जुन्या डॉक्टरांचं अक्षर वाचणारी तेवढीच माणसं उरली आहेत.

तू निरोप ठेवला होतास, आईच्या कपड्यांचं काय केलं म्हणून. काही केलं नाही. परवा कपाट उघडलं. एकेका कपड्याच्या शिवणी आत घेतलेल्या दिसल्या, काहींच्या तर दोनदा. बारीक टाके, तिच्या हातचे. म्हणजे कपडे अंगावर लोंबून माझ्या डोळ्यांवर येऊ नयेत याची वर्षभर तजवीज चालली होती. आणि मी, सगळा जन्म लोकांच्या पापण्या ओढून रक्त किती ते सांगणारा माणूस, त्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो. बारीक झालीस, असं मी तिला म्हणालोही होतो. छान दिसतेस, असंही. ती हसली. तिनं तुला ते सांगितलं असेलच. दोघी मिळून हसला असाल.

पाठ दुखते म्हणायची. मी माझ्याच टेबलाच्या खणातल्या गोळ्या देत होतो. वय झालं, कॅल्शियम घे, म्हणत होतो. तेही तुला माहीत होतं.

मला कसं कळलं ते तू कधी विचारलं नाहीस. त्या सकाळी ती खिडकीशी दूध गाळत होती आणि ऊन तिच्या तोंडावर आलं. डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हटलं, "इकडे बघ. जीभ दाखव."

"आधी दूध तर गाळू द्या," ती म्हणाली.

तशीच तिला सोनोग्राफीला घेऊन गेलो. तिथला डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. एरवी त्याची बडबड थांबत नाही. त्या दिवशी पोटावर यंत्र फिरवता फिरवता गप्प झाला. सोनोग्राफीवाला गप्प झाला की काय समजायचं ते तुला सांगायला नको. मग त्यानं यंत्राचा पडदा हळूच पलीकडे वळवला. माझ्यापासून! मी ओरडलो, "फिरव इकडे." आणि पोटावरचा तो गार चिकचिकाट कुणी पुसलाही नव्हता, तोवर तुझी आई छताकडे बघत म्हणाली, "अहो, लेकीला माहीत आहे. तिला रागावू नका."

लेकीला माहीत आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, वर्षभर, आणि घरातल्या दोन डॉक्टरांपैकी एकालाच माहीत आहे.

इस्पितळाच्या जिन्यात मी तुला जाब विचारला, तेव्हा तू काय म्हणालीस? "तिनं कुणाला सांगू नको म्हणून मागितलं होतं, बाबा. ती माझी पेशंट होती."

मी विचारलं, "आणि माझी कोण होती?"

आता तरी उत्तर आहे का बघ. बाप म्हणून नाही, एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतो: पेशंटनं मागितलं म्हणून तू विषही देशील का?

बाबा


२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंस,

उत्तर नाही. ठीक. मी लिहीत राहीन. रिकाम्या घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं.

मागणं म्हणजे काय असतं, हे तुमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही. माझ्याकडे तो टेम्पोवाला येतो, तुला आठवत असेल, जाडा, मिशीवाला. दर थंडीत सर्दी होते आणि दर थंडीत तो बाही वर करून बसतो. "डॉक्टर, सुई मारा. गोळीनं माझं भागत नाही." मी त्याला ताकदीचं इंजेक्शन देतो. सर्दी आपोआप जाते आणि तो गावभर माझं नाव करतो. त्यानं सुई मागितली, मी सुई दिली, पण सुईत काय भरायचं ते मी ठरवलं. तो निजतो सुखानं, मीही निजतो. माणूस तापात असतो, भ्यालेला असतो. भ्यालेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचं, पण त्यावर चालायचं नसतं. आग लागलेल्या घरातून माणूस "मला इथेच राहू द्या" म्हणाला, तर तुम्ही त्याच्या मताचा मान राखून दार लावून घेणार!

संध्याकाळच्या वेळेला दवाखान्यात एक नवा डॉक्टर बसवलाय. तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हातात सदा तो टॅबलेट, काचेवर बोटं फिरवत असतो. लोक त्याला टॅबलेटवाला म्हणतात. हातात टॅबलेट आहे, पण पोटात घ्यायला एक देत नाही, अशी त्याची ख्याती. पेशंट आला की हा त्याच्यापुढे यादी मांडतो: हे करता येईल, ते करता येईल, काहीच न करताही चालेल, तुम्हाला काय हवं? बिचारा पेशंट हॉटेलात चुकून शिरल्यासारखा बघत राहतो. मी एकदा विचारलं, "अरे, त्याला कळत असतं तर तो तुझ्याकडे कशाला आला असता?" तर म्हणतो, "सर, उद्या काही झालं तर तो म्हणेल मला सांगितलंच नाही. सगळं सांगायचं, सही घ्यायची, आपण मोकळे." मोकळे! माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एकाही पेशंटपासून मोकळा झालो नाही.

आता मुद्द्याचं.

गेल्या आठवड्यात वाचनालयातल्या बाई आल्या. पुस्तकं देतात-घेतात त्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. नवरा शाळेची बस चालवतो. छातीत गाठ. मी हात लावला आणि मला कळलं. तरी तपासणीला पाठवलं आणि आज कागद आले. वेळेत आल्या होत्या. अगदी वेळेत. ऑपरेशन करायचं, पुढचे उपचार घ्यायचे, आणि बाई म्हातारपणी नातवंडांना ओरडायला मोकळी. मी तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "नको."

"काय नको?"

"ऑपरेशन. आणि ह्यांना कळवू नका."

"कारण?"

"कारण द्यावं लागतं का, डॉक्टर?"

टॅबलेटवाला तेवढ्यात आला होता, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. मी बाईंना समजावलं, चुचकारलं, थोडा दमही दिला. त्या नुसत्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. "माझ्या बहिणीला सगळं केलं होतं," एवढंच म्हणाल्या. "सगळं." मग उठल्या, नमस्कार केला आणि गेल्या.

मी फोन उचलला, तसा टॅबलेटवाला उभा राहिला. "सर, नवऱ्याला सांगता येणार नाही आपल्याला. तिनं नको म्हटलंय."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग बस खाली."

आणि मी नवऱ्याला फोन लावला. तो बसमध्येच होता, मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता. मी म्हटलं, गाडी बाजूला घे. मग सांगितलं. बराच वेळ नुसता पोरांचा कालवा येत राहिला.

हे तुला का कळवतो? तुझ्या आईच्या वेळी जे तू केलं नाहीस, ते किती सोपं असतं ते दिसावं म्हणून. एक फोन लागतो.

बाबा


२६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंस,

वाचनालयातल्या बाईंचं ऑपरेशन झालं. सर्जन माझ्या ओळखीचा, मी स्वतः जाऊन उभा राहिलो. गाठ सगळी निघाली, काखेत काही पसरलेलं नाही. नवऱ्यानं माझा हात धरला तो सोडेना. मोठा गडी, स्टिअरिंग वळवून वळवून मनगटं ही एवढाली, आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. "डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून. ती तर मला कळूही देणार नव्हती."

त्यानं तिला कसं तयार केलं, ते मी विचारलं नाही. तिच्या भावाला बोलावलं होतं, थोरल्या जावेला बोलावलं होतं, असं कानावर आलं. सगळे तिच्याभोवती बसले आणि ती हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. बसू देत. घरचे बसणार नाहीत तर कोण बसणार? माझ्या घरात बसायला कुणी नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

ती जगेल. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. तिनं नको म्हटलं होतं आणि ती जगेल.

बाबा


८ मे

बाबा,

तिन्ही पत्रं मिळाली. अक्षर लागलं. लहानपणापासून तुमच्या चिठ्ठ्या वाचत आलेय.

मी लिहिणार नव्हते. पण शेवटच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलंत, म्हणून लिहायला बसले. त्या बाईंची गाठ आणि आईची गाठ एक नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. आईची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती. मी आमच्या तिघा वरिष्ठांना दाखवलं, नाव न सांगता दाखवलं. तिघांनी एकच सांगितलं. ऑपरेशन होणार नव्हतं. औषधं दिली असती तर दोन-तीन महिने जास्त मिळाले असते, आणि त्यातले निम्मे ओकण्यात गेले असते. तुम्ही स्वतः फिल्म बघितलीत. तरी मला विचारता, विष देशील का. तिनं विष मागितलं नव्हतं, बाबा. तिनं मला गप्प राहायला सांगितलं होतं.

ती गुडघे दाखवायला म्हणून माझ्याकडे आली होती, तेव्हाची गोष्ट. जेवणाचं ताट तसंच ठेवायची म्हणून मी ओढून तपासणीला नेलं. रिपोर्ट आला त्या दुपारी मी तिच्यापुढे बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की आधी बाबांना फोन करू. मी तुमचीच मुलगी आहे. माझा हातही फोनकडेच गेला होता. त्या वर्षात आणखी कितीदा गेला ते तुम्हाला ठाऊक नाही.

ती म्हणाली, "त्यांना कळलं की घरात पेशंट येईल, आणि मी निघून जाईन."

मला कळलं नाही. ती म्हणाली, "अगं, ते वाईट नाहीत. पण एकदा का त्यांनी नाडी धरली की हात धरायला ते विसरतात. मला आहे तेवढे दिवस त्यांची बायको राहू दे."

मी भांडले तिच्याशी. पेशंटशी भांडू नये, पण आई होती, भांडले. म्हटलं, तू मला कुठल्या पेचात टाकतेस कळतंय का? त्यांना कळेल त्या दिवशी ते मला तोडतील. ती म्हणाली, "तोडतील. तू सहन कर." एवढं सरळ म्हणाली. मला ते आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही. पेशंटचं ऐकणं म्हणजे पुण्याचं काम आहे असं तुम्हाला वाटतं का? तुमच्या टॅबलेटवाल्याला वाटत असेल, सही घेतली की सुटलो. मी कुठे सुटले? सोन्यासारखं वर्ष मी तिचं खोटं सांभाळण्यात घालवलं. तुम्ही फोनवर "आईची पाठ दुखतेय, कॅल्शियम चालू केलंय" म्हणालात, तेव्हा "बरं केलंत" म्हणणारी मी होते.

आता तुमच्या पत्रांबद्दल. आईचं लिहिताना तुम्ही सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत येता आणि तिथे थांबता. तिथून पुढे तुमचं पेन चालत नाही. मी लिहिते पुढचं.

आईनं आयुष्यात तुमच्याकडे एक गोष्ट मागितली. त्याच दिवशी, रिक्षात. "मला घरी न्या." तुम्ही तिला इस्पितळात नेलंत. कावीळ उतरवायला नळी घातली, त्याला मी काही म्हणत नाही, खाज थांबली असती. पण मग ताप चढला. मग आयसीयू. मग श्वासाची नळी. ती मानेनं नाही नाही म्हणत होती, मी बघत होते, तुम्हीही बघत होतात. सही तुमची होती, नवरा म्हणून. रात्रपाळीच्या नर्सनं विचारलं, आजी नळीकडे हात नेतात, काय करू. तुम्ही म्हणालात, "बांधा."

बाबा, तुम्ही माझ्या आईचे हात बांधायला लावलेत. गॉझच्या पट्टीनं, कॉटच्या दांडीला. ती त्या खोलीतून घरी आली नाही.

तुम्ही एकदा लिहा, त्या वेळी तिची कोण होतात तुम्ही.

तुमची


१४ मे

हात बांधले, कारण नळी ओढली असती तर ती पाच मिनिटांत गेली असती. ताप उतरला असता, तर नळी काढून मी तिला घरी नेणार होतो. डॉक्टर आहेस, तुला कळायला हवं.

आणि तू तिथेच उभी होतीस ना? तुझी पेशंट होती ना? तिचा शब्द म्हणजे तुझा धर्म होता ना? मग तू का नाही सोडलेस हात? पत्रातून सोडायला काय जातं!

मला आता लिहू नकोस.


१९ जुलै

भिंगरी,

लिहू नकोस म्हटलं, तर तू खरंच लिहिलं नाहीस. माणसानं सांगितलेलं शब्दशः पाळायची तुझी खोड पुरी मोडायला हवी होती लहानपणीच.

टॅबलेटवाला सोडून गेला. महिनाअखेरीपर्यंतही थांबला नाही. जाताना म्हणाला, "सर, तुमच्याकडून हात लावून तपासायला शिकलो. बाकीचं नाही घेणार." मी म्हटलं, तुझ्या त्या काचेला काय कळतंय हात लावून. तो हसला नाही. आजकालच्या पोरांना विनोदही सही घेऊन सांगावा लागतो.

काल वाचनालयातल्या बाई आल्या होत्या. डोक्याला रुमाल, केस गेलेत, पण रंग चांगला आहे, वजन धरलंय. मी खूश झालो. या, बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"माझे कागद द्या, डॉक्टर. सगळे."

"दुसरीकडे दाखवणार?"

"हो."

"कुठे?"

"जिथे मी बोललेलं त्या खोलीत राहील तिथे."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही जिवंत आहात." आवाज जरा चढला असेल, बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघायला लागले.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळेच आहे. रोज सगळे मला तेच सांगतात. सकाळी उठले की सांगतात." मग म्हणाल्या, "कदाचित मी आपणहून हो म्हणाले असते. दोन-चार दिवस हवे होते मला. बहीण डोळ्यांपुढून हलायला. तेवढं मागायला आले होते तुमच्याकडे, पण मला नीट मागता आलं नाही."

कंपाउंडरनं कागद बांधून दिले. त्यांनी मोजून घेतले, आणि गेल्या.

संध्याकाळी नवरा आला. चोरासारखा, पेशंट संपल्यावर. म्हणाला, "डॉक्टर, ती बोलत नाही माझ्याशी. स्वयंपाक करते, कपडे घडी करून ठेवते, औषधं वेळेवर घेते. पण शब्द नाही. ऑपरेशनच्या दिवसापासून नाही. तुम्ही जरा समजावता का तिला?"

मी म्हटलं, "बोलेल. जिवंत माणसं कधी ना कधी बोलतात."

तो गेला आणि मी दिवा न लावता तसाच तपासणीच्या टेबलाशी बसलो. हे वाक्य मी त्याला म्हटलं होतं, पण ऐकायला मी एकटाच उरलो होतो.

मी चुकलो असं मी म्हणणार नाही. तिची गाठ निघाली. पुन्हा तशी बाई आली तर पुन्हा फोन लावेन, असं आजही वाटतं. फक्त आज सकाळी एक म्हातारा आला, शाळेत शिपाई होता. खोकला. छातीत आवाज ऐकला आणि त्याला म्हटलं, फोटो काढू. तो म्हणाला, "डॉक्टर, मुलाला सांगू नका, तो परगावी आहे, उगाच धावत येईल." माझा हात सवयीनं फोनकडे गेला आणि तिथेच राहिला. मी म्हटलं, बघू. "बघू" हे औषध मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. चांगलं की वाईट, मला माहीत नाही. म्हातारपण असेल.

हे सगळं लिहितोय, पण लिहायचं होतं ते वेगळंच.

गेल्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, ती मला तळ्यावर घेऊन गेली होती. दवाखाना बंद ठेवायला लावला, मी कुरकुर केली. तळ्याभोवती फिरता फिरता ती मध्येच एका दगडावर बसली. "जरा पाणी बघू या," म्हणाली. आम्ही बघत बसलो. बदकं होती. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लोक येत-जात होते आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं असं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, काय चांगला दिवस आहे. मी घरी येऊन तसं म्हणालोही.

आता रोज तो दिवस मी उलटसुलट करून बघतो. ती बसली ती पाणी बघायला, की पोटात कळ आली म्हणून? खांद्यावर डोकं ठेवलं ते माझ्यासाठी, की मान धरवत नव्हती? त्या वर्षातला एकेक दिवस असाच आहे. सिनेमा अर्धा टाकून आलो तो दिवस. तिनं मला शर्टाला बटण लावायला शिकवलं तो दिवस, मी सुई बोटात घुसवून घेतली आणि ती हसून हसून वाकली. हसूनच वाकली ना ती?

तुला सगळं माहीत आहे. ती तुला फोन करून सांगत असणार, आज इथे दुखलं, आज तिथे. तुझ्याकडे त्या वर्षाची खरी प्रत आहे, माझ्याकडे खोटी. मला फक्त तळ्याचा दिवस सांग. बाकीचं राहू दे. तो दिवस चांगला होता का?

मी कुणाकडे काही मागितलं नाही कधी. तुला माहीत आहे. हे मागतो आहे.

बाबा


२७ जुलै

बाबा,

तुमचं पत्र पाकिटातून काढलं, वाचलं, आणि राउंडला गेले. परत आल्यावर पुन्हा वाचलं.

आधी तुमचा मेमधला प्रश्न. हात का सोडले नाहीस म्हणून विचारलंत. सोडले होते. तुम्ही खाली चहाला गेला होतात, तेव्हा मी दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि बाजूला उभी राहिले. तिला जे करायचं ते करू देणार होते. नोकरी गेली असती, तुम्ही जन्मभर तोंड बघितलं नसतं, ते सगळं मी मनात म्हणून ठेवलं होतं. तिनं नळीला हात लावला नाही. मनगटं चोळली. कपाळावरचे केस मागे सारले. माझा हात घेऊन गालाशी धरला. मग बाहेर जिन्यावर तुमच्या चपलांचा आवाज आला आणि तिनं हात माझ्यापुढे केले. बांध म्हणून. मला कळेना, तसे पुन्हा पुढे केले. मी बांधले. नर्सच्या गाठींपेक्षा सैल बांधले, एवढंच केलं मी. तुम्ही आत येऊन गाठी बघितल्या आणि समाधानानं खुर्चीत बसलात.

ती तसं का वागली, ते मला ठाऊक नाही. तिनं सांगितलं नाही, नळी होती. मी अंदाज करत नाही, तुम्हीही करू नका.

आता तळ्याचं. हो, तिनं त्या संध्याकाळी मला फोन केला होता. तळ्यावर काय झालं, कशी होती, का बसली, सगळं सांगितलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

सूड म्हणून नाही. पत्र वाचताना मला सूड घ्यावासा वाटला असता तर बरं झालं असतं, ते सोपं होतं. पण ती म्हणाली होती, "मी गेल्यावर ते एकेक दिवस घेऊन तुझ्याकडे येतील. मोठा माणूस, पण येतील बघ. तेव्हा काही सांगू नकोस. ते दिवस मी त्यांना दिलेत. त्यांना तपासायला देऊ नकोस."

मी हो म्हटलं होतं. तुम्ही मागताय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागताय, हे मला कळतंय. तुमच्या आधी तिनं मागितलं आहे.

तुमची
भिंगरी